नागपूरला गेलात तर सकाळी कळमन्याला जाच

नागपुरातलं लग्न छान झालं. वडाभात होता, पुडाची वडी होती, वरात रात्री उशिरापर्यंत नाचली, आणि त्याबद्दल मी इथं अजून काही लिहिणार नाहीये. लिहायचंय ते कळमन्याबद्दल, म्हणजे नागपूरच्या संत्र्याच्या घाऊक बाजाराबद्दल. लग्नानंतर एक मोकळा दिवस हातात होता आणि नागपूरच्या नातेवाईकांनी लगेच यादी काढली, दीक्षाभूमी, फुटाळा, झीरो माईल, बर्डीत खरेदी, आणि मी म्हटलं मला संत्र्याचा बाजार बघायचाय. मावसभाऊ म्हणाला अगं तिथं काय बघतेस, ट्रक न् गर्दी. पण त्याचा एक मित्र तिथं अडत्या आहे, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारा, त्यामुळं पहाटे अंधारात का होईना त्यानं मला गाडीत घातलं. नोव्हेंबर संपतानाचं नागपूर पहाटे चांगलंच गार असतं, आम्हा ठाण्याच्या लोकांना एक स्वेटर पुरत नाही.

वाटेत टपरीवर तर्री पोहे खाल्ले. माझं स्पष्ट मत आहे की हरभऱ्याची झणझणीत तर्री घातलेले हे पोहे महाराष्ट्रातला सगळ्यात चांगला नाश्ता आहे आणि मुंबईत मिळतात त्या कोरड्या पोह्यांना पोहे म्हणणं बंद केलं पाहिजे.

कळमन्याला गाडीतून उतरायच्या आधीच वास आला. बाटलीतल्या ऑरेंजचा नाही, सालीचा, डोळ्यात गेला की झोंबतो तो. आत टेम्पो, ट्रक, छोटे हत्ती (त्या लहान मालगाड्या) एकमेकांना चिकटून उभे, हमाल मागचं फळकं पाडतात, तणसाचा थर बाजूला होतो आणि संत्री खाली ओतली जातात. पेटीत रचलेली, कागदात गुंडाळलेली वगैरे काही नाही. जमिनीवर ढीग. एक ढीग म्हणजे एका शेतकऱ्याचा माल. रांगेत ढीगच ढीग, काही पिवळेधमक, काही अजून हिरवट, कारण थंडी पडल्याशिवाय नागपुरी संत्र्याला रंग नीट चढत नाही आणि थांबायची सोय सगळ्यांना नसते.

मग लिलाव. मी तास-दीड तास तरी चालेल अशा तयारीनं उभी होते. व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगापाशी येतो, कोणी एक फळ उचलतो, दाबून बघतो, एखादा सोलून फोड तोंडात टाकतो, बोली पुकारणारा एका दमात आकडे म्हणत जातो, तीन-चार जण मान हलवतात, आणि संपलं. घोळका पुढच्या ढिगाकडे. मला कळलंसुद्धा नाही की माल विकला गेला. ढिगाच्या मागं एक काका उभे होते, पांढरा शर्ट, डोक्याला मफलर, ते संपूर्ण वेळ एक शब्द बोलले नव्हते. भाऊच्या मित्रानं सांगितलं, हा त्यांचा माल, टनाला 20 हजाराच्या आसपास गेला. म्हणजे किलोला 20 रुपये. आदल्याच दिवशी बर्डीला हातगाडीवर मी 70 रुपये किलोनं घेतली होती आणि घासाघीस केली होती.

मी त्यांना विचारलंच, काकाजी, भाव पटला नाही तर माल परत नाही का नेत?

ते म्हणाले, "वापस नेऊन काय करू ताई? गाडीभाडं दुप्पट. हा माल काही गहू नोहोय, चार दिवसात दबते. झाडावर ठेवला तं गळून राह्यला, अन् झाड खाली नाही केलं तं पुढच्या बहाराले ताण कवा देऊ?"

ताण देणं म्हणजे झाड रिकामं करून त्याचं पाणी तोडणं, त्याशिवाय पुढचा बहार, म्हणजे पुढचं फूल, येत नाही. या एका वाक्यात मला सगळा धंदा कळला आणि तेव्हापासून माझी चिडचिड चालू आहे. विकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही असा हा बाजार आहे. घेणारा पुढच्या ढिगाकडे जाऊ शकतो, विकणारा जाऊ शकत नाही. आपण शहरात बसून शेतकऱ्यानं मार्केटिंग शिकलं पाहिजे वगैरे बोलतो, त्या माणसानं नेमकं काय शिकायचं? त्यांना हिशोब आपल्यापेक्षा चांगला येतो, त्यांच्याकडे फक्त वेळ नसतो.

ढिगाच्या बाजूला एक लहान ढीग होता, लिंबापेक्षा जरा मोठी फळं. ती चुरी. चुरीकडे कोणी बघत नव्हतं. मला वाटलं याचा रस काढत असतील, तर भाऊचा मित्र म्हणाला की नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडवट होतो, बियाही भरपूर, त्यामुळं कारखान्याला हे फळ सरळ चालत नाही, त्यावर प्रक्रिया लागते. नागपूरजवळच्या मिहान औद्योगिक भागात 2025 ला मोठा फळप्रक्रिया प्रकल्प सुरू झालाय, त्यावर बऱ्याच लोकांची आशा आहे. बाहेरचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश, पण त्यांनी आयात शुल्क वाढवत वाढवत इतकं नेलं की तिकडं जाणारा माल आटला. म्हणजे ढाक्यात एक निर्णय होतो आणि काटोलच्या माणसाचा ढीग स्वस्त होतो. हे मी कधी कुठल्या अर्थसंकल्पाच्या चर्चेत ऐकलं नव्हतं.

काकाजींचं गाव काटोल तालुक्यात. बोलता बोलता म्हणाले, बगीचा पाहाले येता का? भाऊ माझ्याकडे बघतोय, मी आधीच हो म्हणून बसलेली. संध्याकाळची फुटाळ्याची चक्कर रद्द झाली त्याचं मला काडीचं दुःख नाही.

नागपूर ते काटोल साठेक किलोमीटर, कळमेश्वरवरून. शहर संपलं की दोन्ही बाजूला कपाशी आणि तूर, आणि मध्येच गडद हिरवे चौकोन, ते संत्र्याचे बगीचे. जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात म्हणे. काकाजींच्या आजोबांची 20 एकर होती, यांच्या वाट्याला 4. मी घरी येऊन शोधलं तर पूर्ण राज्याची हीच गोष्ट निघाली, 1970-71 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सरासरी एका खातेदाराकडे 4.28 हेक्टर जमीन होती आणि 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर. काकाजींची 4 एकर म्हणजे साधारण 1.6 हेक्टर, म्हणजे आकडेवारीप्रमाणे ते सरासरीपेक्षा मोठे शेतकरी झाले! त्या 4 एकरवर दोन भावांचे संसार नाहीत एवढंच काय ते बरं, एक भाऊ नागपुरात हिंगण्याला कंपनीत लागला.

बगीच्यात काकूंनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग जेवूनच जा. झुणका, भाकर, वांग्याची भाजी, वर कच्चा कांदा. लग्नातलं केटरिंग मला आता आठवतसुद्धा नाही, ही भाजी आठवते. ज्यांचा माल सकाळी त्या भावात गेला त्यांच्याकडे आपण दुपारी पोटभर जेवतोय हे मला आतून टोचत होतं, पण तिथं नको म्हणणं हा अपमान, ते कळत होतं, म्हणून दुसरी भाकर पण घेतली.

जेवण झाल्यावर त्यांनी झाडं दाखवली आणि इथं मला खरंच शाळेत परत गेल्यासारखं वाटलं. खाली जंबेरीचं, म्हणजे लिंबाच्या एका जातीचं, खुंट, वर संत्र्याचा डोळा बांधलेला, असं कलम. पाचव्या-सहाव्या वर्षी फळ सुरू. वर्षात दोन बहार, पण एका झाडावर शक्यतो एकच घ्यायचा. आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं आणि फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. मृग बहाराला हेच काम मे महिन्याचं ऊन करतं आणि जूनचा पाऊस पाणी देतो, फळ फेब्रुवारी-मार्चपासून. मे मध्येच अवकाळी पडला तर ताण तुटला, फूलच नाही. काळ्या भारी जमिनीत ओल धरून राहते म्हणून ताण बसायला अजून त्रास. खोडांना पांढरट-निळसर बोर्डो पेस्ट लावलेली, डिंक्या रोगासाठी. झाडाला डिंक सुटतो आणि आतून मरत जातं, 15 वर्षं सांभाळलेलं झाड दोन हंगामात जातं. त्यात कोळशी, म्हणजे पानाफळांवर चढणारी काळी बुरशी, त्यात फळगळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सकाळी बगीच्यात आलं की झाडाखाली सडा पडलेला असतो, काकू म्हणाल्या, "मी तं तेवा बगीच्यात येतच नाही, मले पाहावत नाही."

पाणी बोअरचं. काकाजींची बोअर अजून चालतेय, पण पलीकडे अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे, ज्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, तिथं भूजल इतकं उपसलं गेलं की तो डार्क झोन झालाय. ठिबक आहे, पण वीज रात्री येते तेव्हा रात्री उठायचं.

तोडणीच्या मजुरांत निम्म्याहून जास्त बाया होत्या, बऱ्याच पांढुर्णा-सौंसरकडून आलेल्या. तो मध्य प्रदेश, पण बोलत होत्या मराठीच, आणि संत्री तिकडंही आहेतच. शेजारच्या शेतात कापूस वेचणी चालू होती, पाठीला ओटी बांधून, वेचणी किलोवर. कापसाचं क्षेत्र देशात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहे आणि ते जवळपास सगळं पावसावर. एका मावशींना विचारलं तुमची शेती किती, त्या हसल्या, म्हणाल्या "आमची कायची शेती बाई, आमचे हात."

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा, त्यातली 45 टक्के माणसं शहरात, म्हणून आपण स्वतःला शहरी, इंडस्ट्रीवालं राज्य समजतो. पण त्याच जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्या माणसांपैकी 25 टक्के शेतकरी आणि 27 टक्के शेतमजूर. म्हणजे निम्म्याहून जास्त हात अजून शेतात, आणि त्यातही जमीन असणाऱ्यांपेक्षा नसणारे जास्त. आणि राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम 12 टक्क्यांच्या आसपास. हे आकडे मी स्पर्धा परीक्षेच्या वेळी पाठ केले होते. त्या मावशींना बघितल्यावर मात्र राग आला, की एवढ्या लोकांच्या एवढ्या कष्टाची आपल्या राज्यात एवढीच किंमत लागते. बातम्यांमध्ये फक्त शेतकऱ्याची कर्जमाफी असते, मजुराचं तर नावसुद्धा येत नाही.

संध्याकाळी नागपुरात परत आल्यावर भाचरं एम्प्रेस मॉलला घेऊन गेली. आइसक्रीम खाताना माझ्या डोक्यात तेच. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल याच जागेवर होती, 1 जानेवारी 1877 ला सुरू झालेली. ती इथं का काढली, तर कापूस आजूबाजूला पिकतो आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली म्हणून. कापूस अजून पिकतोच, रेल्वे आहेच, मिल मात्र या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद झाली आणि आता तिथं शर्ट विकत मिळतात. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला मावशी तू सगळीकडे शेतीच आणतेस. आणणारच.

आता तक्रार, जिच्यासाठी निम्मं हे लिहायला घेतलं. ठाण्यात परत आले, नेहमीच्या बाजारात पाटी, "नागपूर संत्रा". चकचकीत, एकसारखी, साल फळाला घट्ट चिकटलेली. तो किन्नू होता. किन्नू वाईट नाही, पंजाबच्या शेतकऱ्यानंही घामच गाळलाय, पण ते फळ कॅलिफोर्नियात दोन जातींच्या संकरातून तयार झालेलं, वेगळं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, बोटानं सुटते, आंबटगोड चव वेगळी, आणि त्याला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे हे नाव कायद्यानं त्या भागातल्या लोकांचं आहे. नाव यांचं, विक्री दुसऱ्याच्या मालाची, आणि खरा माल कळमन्याला 20 रुपयांनी. मी विक्रेत्याशी अर्धा तास वाद घातला. त्याला पाटी बदलायला लावली आणि तुम्हीही लावा, प्लीज. घेताना साल दाबून बघा, घट्ट असेल तर ते नागपूरचं नाही.

जायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा, किंवा मार्चमध्ये. सकाळी लवकर, पायात बूट, आणि कोणी ओळखीचं असेल तर सोबत, नाहीतर हमालांच्या वाटेत येऊन त्यांचा खोळंबा कराल. आणि शेतकऱ्याशी बोला, फोटो नंतर.

काकाजींनी निघताना गाडीच्या डिकीत एक पोतं टाकलं, निवडून निवडून काढलेली मोठी फळं, पैसे घेतले नाहीत. त्यातली बरीच मी सोसायटीत वाटली. परवा त्यांना फोन केला होता. जुनी वाळलेली झाडं काढून जूनमध्ये 200 नवीन कलमं लावणार आहेत, शेंदूरजना घाटच्या नर्सरीतून आणणार. मुलगा पुण्यात नोकरी करतो, त्याचा विरोध आहे, दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलंय. काकाजी म्हणाले मार्चमध्ये मृगाचा माल निघेल तेव्हा या. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, अजून वेटिंग आहे.