व्हीआर सिम्युलेटर आणि रेसिडेंटचा स्वभाव

लॅप्रोस्कोपीच्या (पोटाला छोटी छिद्रं पाडून कॅमेऱ्याने करायच्या सर्जरीच्या) व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी सिम्युलेटरवर रेसिडेंट्सना, म्हणजे सर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांना बसवणं हे आता माझं नेहमीचंच काम झालंय, आणि खरं सांगू का, मशीन जो स्कोअर देतं त्यापेक्षा स्कोअर बघून समोरचा काय करतो याकडेच माझं जास्त लक्ष असतं.

मशीनचा उपयोग होतो की नाही हा वाद जुना झाला. २००२ मध्ये येल युनिव्हर्सिटीत १६ रेसिडेंट्सवर एक ट्रायल झाली, अर्ध्यांनी मिस्ट-व्हीआर नावाच्या सिम्युलेटरवर ठरलेली लेव्हल गाठेपर्यंत सराव केला, बाकीचे नेहमीच्याच पद्धतीने शिकले आणि मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय लिव्हरपासून सोडवलं. व्हिडिओ तपासणाऱ्यांना कोण कुठल्या ग्रुपमधला हे माहीत नव्हतं. व्हीआरवाले २९ टक्के फास्ट निघाले, आणि सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा व्हायची किंवा भलतीकडेच भाजलं जायची शक्यता पाचपट होती. ट्रायल छोटी होती, पण मुद्दा पटण्यासारखा आहे.

मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे, मशीन तेच, टास्क तोच, शिकवणारा तोच, तरी दोघं इतक्या वेगळ्या वेगाने का शिकतात?

याचं एक उत्तर सगळे पटकन देतात, ते म्हणजे डोक्यात थ्रीडी चित्र फिरवता येणं. त्यात तथ्य आहे. पोर्टमधून (पोटावरच्या छिद्रातल्या नळीतून) आत गेलेलं इन्स्ट्रुमेंट बाहेर हँडल उजवीकडे नेलं की आत डावीकडे जातं, स्क्रीन सपाट असते, आणि काय किती खोलवर आहे हे मनातच उभं करावं लागतं. २००२ मध्येच लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये झेड-प्लास्टीवरचा (त्वचेवर झेड आकाराचे छेद घेऊन करायच्या ऑपरेशनवरचा) एक अभ्यास आला होता, ज्यांची ही क्षमता चांगली ते सुरुवातीला पुढे होते, पण जादा सराव आणि फीडबॅक मिळाल्यावर मागे पडलेल्यांनीही त्यांना गाठलं. म्हणजे ही गोष्ट सुरुवातीला नडते, कायमची नाही. (व्हिडिओ गेम खेळणारे सर्जन कमी चुका करतात असाही २००७ चा अभ्यास आहे, ३३ जणांचा, पण गेममुळे हात चांगला झाला की हात चांगला म्हणून गेम आवडला हे त्यातून कळत नाही, त्यामुळे घरी गेम खेळायला त्याचा दाखला देऊ नका.)

स्वभाव मात्र सुटत नाही, तो रोज दिसतो. सिम्युलेटरवर सिस्टिक आर्टरीतून (पित्ताशयाच्या रक्तवाहिनीतून) ब्लीडिंग सुरू झालं, स्क्रीन लाल झाली, की मी हाताकडे बघतो. घाबरट पोरगं दोन्ही इन्स्ट्रुमेंट झटकन मागे ओढतं, खांदे कानाला लागतात, मुठी आवळल्या जातात, टोक थरथरायला लागतं, आणि मग स्क्रीनवर टोकाने कापलेल्या अंतराचा आकडा वाढतच जातो कारण ते नुसतं आत-बाहेर चाललेलं असतं. ओव्हरकॉन्फिडंट असतो तो त्याच लाल डबक्यात कॉटरी (विजेवर टिश्यू जाळणारं इन्स्ट्रुमेंट) घालून अंदाजाने पेडल दाबतो. वेळ मस्त, चुका भरमसाट, आणि बाहेर आल्यावर म्हणतो, सर, फास्ट झालं ना?

पण सगळ्यात अवघड असतात ते परफेक्शनवाले. अभ्यासात हुशार, कायम वरच्या नंबरात आलेले, यांचं बोट रीस्टार्टच्या बटणावरच असतं. रक्तवाहिनी बंद करणारी एखादी क्लिप जरा तिरकी लागली की टास्क पहिल्यापासून! स्कोअर शीट दिसायला एकदम क्लीन, पण बिघडलेली केस सावरायची कशी हे या लोकांनी कधी केलेलंच नसतं, आणि ओटीत, खऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये, रीस्टार्ट नसतो. अशांना मी सरळ सांगतो, आज बटण बंद, जे होईल ते शेवटपर्यंत न्यायचं.

घाबरणाऱ्यांसाठी मी टायमर झाकून टाकतो, पहिले काही दिवस फक्त चुका मोजायच्या. थोडं टेन्शन कामाला येतं आणि जास्त झालं की काम बिघडतं, हे यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं, आणि अवघड कामात तो 'जास्त'चा टप्पा लवकर येतो. शिवाय यांना मशीनला हात लावायच्या आधी डोळे मिटून पूर्ण ऑपरेशन मनात करायला लावतो, कॅलॉट्स ट्रँगल (पित्ताशयाजवळचा तो त्रिकोणी भाग, जिथे सिस्टिक आर्टरी सापडते) कसा दिसेल, कुठली बाजू आधी सोडवायची, क्लिप लावताना काय जाणवेल, सगळं. मनातल्या सरावाने व्हीआरवरचं पित्ताशयाचं ऑपरेशन सुधारतं हे २०११ च्या एका ट्रायलमध्ये दिसलंय, त्यामुळे हे माझंच खूळ आहे असं समजू नका.

मग व्यक्तिमत्त्वाच्या टेस्ट घेऊन सर्जरीला ॲडमिशन द्यायची का, असं मला अधूनमधून विचारतात. अजिबात नको. त्या टेस्ट आणि हाताचं कौशल्य यांचा संबंध प्रत्येक अभ्यासात वेगवेगळा निघतो, आणि मुळात घाबरट म्हणून ज्याला आपण बाहेर काढू तोच उद्या सगळ्यात सांभाळून काम करणारा निघू शकतो. स्वभाव कळला तर शिकवायची पद्धत बदलावी, दार बंद करू नये. अजून एक, मशीन लॅबमध्ये ठेवून 'वाटेल तेव्हा या' म्हटलं की येणारे थोडेच असतात, आणि ज्यांना गरज असते ते तर हमखास येत नाहीत. तिथे वेळापत्रक आणि गाठायची लेव्हल दोन्ही ठरवूनच द्यावं लागतं.

सध्या मी एकच गोष्ट सगळ्यांना करायला लावतोय, टास्क संपला की स्कोअर बघायच्या आधी स्वतःचा अंदाज सांगायचा, किती वेळ लागला, किती चुका झाल्या. अंदाज आणि खरा आकडा यातलं अंतर कोणाचं कुठल्या बाजूला जातं हे बघितलं की पुढच्या सेशनला कोणाला धीर द्यायचा आणि कोणाला रीप्ले दाखवून खाली आणायचं ते ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रकाना नाही, म्हणून हे सगळं वहीत लिहावं लागतं, आणि वही बघायला सगळे टपलेले असतात, विशेषतः दुसऱ्याचं पान.