एका चक्रात दोन चक्रं

स्वातंत्र्यदिनाच्या आधीची घाई. १३५० बाय ९०० मिलिमीटरच्या खादी तिरंग्यांचा गठ्ठा तपासणीला आला. टेपला सगळं बरोबर: तिन्ही पट्टे ३०० मिलिमीटर, चक्राचा व्यास २८०. मग पहिला झेंडा खिडकीच्या उजेडात धरला, आणि चोवीस आऱ्यांपैकी प्रत्येकाशेजारी एक फिकट आरा उभा.

पुढचा आणि मागचा छाप जुळले नव्हते. तुंबा, म्हणजे चक्राचा मधला भाग, तुंब्यावर बसला होता, म्हणजे छपाईची जाळी, स्क्रीन, सरकली नव्हती, फिरली होती. एवढ्या चक्रात एका अंशाची चूक धावेपाशी, म्हणजे बाहेरच्या कडेला, जवळपास अडीच मिलिमीटर होते. इथे पट्टीने पाच भरले.

१९३१ च्या झेंड्यावर चरखा होता. तो मागून पाहिला की उलटा दिसायचा. २२ जुलै १९४७ ला स्वीकारलेल्या झेंड्यात सारनाथचं चक्र आलं आणि उलट-सुलटचा प्रश्न मिटला. कारागिराचा नाही मिटला. दोन्ही बाजूंचं चक्र तंतोतंत एकावर एक हवं.

कारण कापडात सापडलं. हातमागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, थोडा तिरका बसला होता. पुढचा छाप मारताना स्क्रीन काठाला, म्हणजे ताण्याला, उभ्या धाग्याला लावलेली. मागचा छाप मारताना दुसऱ्या कारागिराने ती कापलेल्या आडव्या कडेला, म्हणजे बाण्याला लावली. दोघंही आपापल्या जागी बरोबर! डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालतं. त्यातही ही भानगड होऊ शकते.

छाप पुसता येत नाही. पांढरा पट्टा उसवून नवा लावायचा, केशरी-हिरवा वाचवायचा. पण शिवण जुन्याच भोकांवरून गेली पाहिजे. दोन मिलिमीटर आत घेतली तर पट्टा २९८ चा होतो आणि झेंडा पुन्हा बाद. नव्या पट्ट्यांवर पुढचा छाप वाळल्यावर वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या आऱ्यांच्या टोकांतून टाचण्या आरपार घातल्या, कापड उलटवलं आणि स्क्रीन त्या चार खुणांवर बसवली. कडेकडे कुणी पाहिलंच नाही.

उसवलेले पट्टे टेबल पुसायला घेणार होते, ते थांबवलं. ध्वजसंहिता खराब झालेला झेंडा खाजगीत, शक्यतो जाळून, नष्ट करायला सांगते. सुटा पट्टा म्हणजे झेंडा नव्हे, हे खरं. तरी चक्र होतं त्यावर, दोन-दोन.