मॉन्ट्रियल ते क्वेबेक सिटी, ऐन फेब्रुवारीत

कॅनडा म्हटलं की आपल्याकडे मे ते ऑक्टोबर एवढाच हंगाम धरला जातो. आम्ही फेब्रुवारी निवडला तेव्हा निम्म्या नातेवाइकांनी वेड्यात काढलं, त्यातून सासूबाईंना (वय ६७) सोबत नेतोय म्हटल्यावर तर विचारूच नका. पण क्वेबेक सिटीचा हिवाळी कार्निव्हल जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच असतो, आणि माझी ताई मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लाव्हालला राहते. दुसरा मुहूर्त नव्हताच. मार्ग साधा होता: मुंबईहून मॉन्ट्रियल, तिथे ताईकडे मुक्काम, मग रेल्वेने क्वेबेक सिटी आणि परत.

उणे १ पासून उणे २६ पर्यंत सगळे आकडे आम्ही पाहिले. सगळ्यात जास्त हाल झाले ते उणे १ ला. ओला, जड बर्फ पडत होता, रस्त्यावरच्या मिठाने त्याचा राखाडी चिखल झाला होता, आणि प्रत्येक चौकात पदपथ संपतो तिथे घोटाभर गार पाण्याचं डबकं साचलेलं. वरून कोरडा वाटणारा बर्फ आणि खाली पाणी. उणे २० च्या पुढे मात्र बर्फ बारीक रव्यासारखा पडतो. बाहीवरून झटकला की गेला. म्हणून पुढे जे काही लिहिते आहे त्याचं सार एवढंच की तिथे थंडीशी जमवून घेता येतं, ओलीशी नाही. आणि सगळ्यात घातक ओल आभाळातून पडत नाही, ती आपल्याच घामाची असते.

ताईने पहिल्याच दिवशी आमच्या बॅगा उघडून थर्मलची लेबलं वाचायला घेतली. आपल्याकडे मिळणारे बरेच थर्मल सुती किंवा सुतीमिश्रित असतात. महाबळेश्वरला ते ठीक आहेत. इथे सुती कपडा घाम पितो, धरून ठेवतो आणि थांबलात की अंगाला गारठा लावतो. आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा हवा, त्यावर फ्लीस किंवा घरी विणलेला लोकरीचा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारं अडवणारं, कमरेखाली येणारं, टोपीचं जॅकेट. जीन्सही सुतीच, त्यामुळे बर्फाच्या दिवशी ती नकोच. ताईचा आणखी एक नियम आहे: "घराबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं थोडी थंडी वाजलीच पाहिजे. नाही वाजली तर एक कपडा जास्त झालाय, परत जा आणि काढून ये." सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. मेट्रो स्टेशनपर्यंत चालून अंग तापल्यावर पटलं.

मेट्रोचा विषय निघालाच आहे तर, मॉन्ट्रियलची मेट्रो पूर्णपणे जमिनीखालून धावते आणि शहराच्या मध्यभागी तिला जोडलेले ३० किलोमीटरहून जास्त लांबीचे भुयारी रस्ते आहेत. दुकानं, ऑफिसं, हॉटेलं, सगळं आतल्या आत. वादळाच्या दिवशी आम्ही अख्खा दिवस तिथेच काढला. पण खाली उतरल्याबरोबर टोपी, हातमोजे काढा आणि जॅकेटची चेन उघडा. बाहेर उणे २० आणि आत चांगलंच उबदार, त्यात घामाघूम होऊन पुन्हा वर आलात की गारठायला तेवढं पुरे.

जॅकेट आणि बूट भारतातून घेऊन जाऊ नका. मुंबई-पुण्यात चांगले मिळत नाहीत आणि मिळाले तर महाग असतात. तिथे फेब्रुवारीत हिवाळी कपड्यांचे सेल लागलेले असतात, जुन्या कपड्यांच्या मोठ्या दुकानांत तर उत्तम जॅकेटं स्वस्तात मिळतात. मात्र विमानतळाबाहेर पडताना घालायला काहीतरी जाड कपडा हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेली बॅग उशिरा आली तर पंचाईत नको. बूट अर्ध्या मापाने मोठे घ्या, कारण बोटं आवळली गेली की रक्त पोचत नाही आणि मग कितीही जाड मोजे घाला, पाय गारच राहतात. आतलं फेल्टचं अस्तर सुटं निघतं का ते बघा. रात्री ते काढून वाळत घालायचं, दिवसभराचा पायाचा घाम त्यात मुरलेला असतो. बोटं एकत्र ठेवणारे हातमोजे पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा खूप उबदार.

आणि माकडटोपी न्या! हसू नका. वाऱ्यात कान, हनुवटी, मान एकदम झाकणारी तीच गोष्ट तिथे वेगळ्या नावाने महागात विकतात. सासूबाईंची खाकी माकडटोपी सबंध प्रवासात सगळ्यांच्या हेव्याचा विषय होती.

हवामानाचा अंदाज बघताना नुसतं तापमान बघू नका, विंड चिल (वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी) बघा. उणे २० आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे ३३ सारखं. विंड चिल उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. नाकाचा शेंडा, गाल, कानाच्या पाळ्या आधी जातात. त्या आधी दुखतात आणि मग दुखायच्या थांबतात, हीच गोम आहे. म्हणून एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. पांढरट, मेणचट डाग दिसला की लगेच आत जायचं, तळहाताची ऊब द्यायची, चोळायचं मुळीच नाही. रंग आणि संवेदना लवकर परत आली नाही तर डॉक्टर गाठायचा. ऊब यावी म्हणून मद्य घेणाऱ्यांसाठी: त्याने कातडीकडे रक्त जास्त जातं, गरम वाटतं आणि शरीर उलट लवकर गार होतं.

मॉन्ट्रियलमध्ये खरा मोठा बर्फ पडला त्या रात्री आम्ही रोझमाँ भागात ताईच्या मैत्रिणीकडे होतो. सकाळी खिडकीखालच्या गाड्या दिसेनाशा झाल्या होत्या, फक्त आरसे वर आलेले. पण बघण्यासारखी गोष्ट दुसऱ्या रात्री घडली. संध्याकाळी रस्त्यावर गाड्या लावायला बंदी करणाऱ्या नारिंगी पाट्या लागल्या. रात्री ओढगाडी भोंगा वाजवत फिरली, म्हणजे उरल्यासुरल्यांनी आपापल्या गाड्या काढाव्यात. न काढलेली गाडी दंडासकट दुसऱ्या गल्लीत नेऊन सोडतात. मग पदपथांवरून छोटी साखळीच्या पट्ट्यांची यंत्रं सुसाट आली, त्यांनी बर्फ रस्त्यावर ढकलला, ग्रेडरने (आडव्या पात्याच्या यंत्राने) त्याचा लांबलचक वरंबा केला, आणि शेवटी बर्फ गिळून उंच नळीतून शेजारी चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकणारं भलंमोठं यंत्र आलं. एक ट्रक भरला की न थांबता पुढचा लागायचा. रस्ते आणि पदपथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर असे साफ करावे लागतात. आम्ही तिघं काचेला नाक लावून बघत बसलो होतो, यजमानीण मात्र निवांत झोपलेली.

भाड्याने गाडी घेतली असेल तर या पाट्या गांभीर्याने घ्या. क्वेबेक सिटीत खांबांवर नारिंगी दिवे लुकलुकायला लागले की त्याचा अर्थही तोच: रात्री बर्फ उचलणार, गाडी हलवा.

राहायची जागा ठरवताना आणखी एक. मॉन्ट्रियलच्या प्लातो आणि रोझमाँ भागातल्या जुन्या घरांना बाहेरून वळणदार लोखंडी जिने असतात. फोटोत फार सुंदर दिसतात. सामान आणि साठीपुढचा माणूस घेऊन गोठलेल्या जिन्यावरून चढायची वेळ आली की सौंदर्य ओसरतं. बुकिंगच्या आधी विचारून घ्या, तळमजला मिळाला तर उत्तम.

घसरण्याची भीती थंडीपेक्षा जास्त खरी आहे. बुटांना ओढून बसवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ज्येष्ठांसाठी ते घ्याच. दुकानात किंवा स्टेशनात शिरताना मात्र काढा, गुळगुळीत फरशीवर त्यांनीच पाय सटकतो. छोटी पावलं टाकायची, अख्खा तळवा टेकवायचा, हात खिशाबाहेर ठेवायचे. पारा उणे १५ च्या खाली गेला की मिठाचा फार उपयोग होत नाही, मग रस्त्यांवर खडी टाकतात. खडी दिसते तिथूनच चाला. आणि अधूनमधून वरही बघा. जुन्या शहरात छपरांवरून बर्फाचे मोठे तुकडे सुटतात, धोक्याच्या पाट्या फ्रेंचमध्ये असतात. भिंतीला टेकवलेली आडवी काठी किंवा दोरी दिसली की पलीकडच्या बाजूने जा.

क्वेबेक सिटी मॉन्ट्रियलपासून साधारण २५० किलोमीटर. भाऊजी गाडीने सोडायला तयार होते, पण अंदाजात 'पुद्रेरी' होती, म्हणजे पडलेला भुरभुरा बर्फ वारा सपाट शेतांवरून रस्त्यावर उडवत आणतो आणि बॉनेटपुढचं काही दिसत नाही. "पगार कापला तरी चालेल, असल्या दिवशी मी गाडी काढत नाही," म्हणाले. आम्ही रेल्वेने गेलो; साडेतीन तासांच्या आसपास लागतात. स्टेशन खालच्या भागात आहे आणि जुनं शहर वर, तेव्हा सामान असेल तर सरळ टॅक्सी करा.

गाडी चालवायचीच असेल तर: क्वेबेक प्रांतात नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, भाड्याच्या गाड्यांनाही. ऑन्टारियोत सक्ती नाही, त्यामुळे टोरांटो किंवा ओटावाहून गाडी घेत असाल तर हिवाळी टायर आहेत का हे स्पष्ट विचारा. काच धुण्याचं पाणी उणे ४० पर्यंत न गोठणारं हवं. टपावरचा बर्फ पूर्ण काढल्याशिवाय निघू नका; ब्रेक दाबला की तो पुढच्या काचेवर येतो, शिवाय दंड होतो. फावडं, ब्लँकेट, टॉर्च, थोडं खाणं गाडीत ठेवा. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका, आणि इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फाने बुजलेलं असेल तर विषारी वायू आत येतो. रस्त्यांची स्थिती ५११ वर कळते.

क्वेबेक सिटीबद्दल भरभरून लिहिता येईल, पण कार्निव्हलचे फोटो सगळीकडे आहेत. मला विचाराल तर नदीपलीकडच्या लेव्ही गावाची फेरीबोट चुकवू नका. खालच्या शहरातून सुटते, सेंट लॉरेन्स नदी ओलांडायला दहा-बारा मिनिटं. नदीभर बर्फाच्या लाद्या तरंगत असतात आणि बोट त्या ढकलत, घासत, खरखरत जाते. तळातून येणारा तो आवाज पायात जाणवतो. परतताना कड्यावरचं शातो फ्राँतनाक हे किल्ल्यासारखं हॉटेल समोर येतं. नवरा डेकवर उभा राहिला, आत आला तेव्हा त्याच्या मिशीवर श्वास गोठून पांढरे मणी झाले होते आणि चष्म्यावर एका क्षणात दाट वाफ धरली. कॅमेरा बाहेरून आत आणताना याच कारणासाठी आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, म्हणजे ओल पिशवीवर बसेल, लेन्सवर नाही. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. उघड्यावर ४० टक्के चार्ज असतानाही बंद पडतो.

दुसरा दिवस माँमोरान्सी धबधब्याला द्या. ८३ मीटर उंच, नायगाऱ्यापेक्षा उंच, आणि हिवाळ्यात तुषार गोठून पायथ्याशी पांढरा सुळका तयार होतो. केबल कारच्या हिवाळी वेळा वेगळ्या असतात, बघून जा. जुन्या शहरातल्या डफरिन टेरेसवरची लाकडी घसरगुंडी १८८४ पासूनची आहे; सासूबाई बसल्या, उतरून पुन्हा रांगेत लागल्या.

शाकाहारींनी लक्षात ठेवा: तिथल्या पारंपरिक वाटाण्याच्या सुपात बहुधा डुकराचं मांस असतं, आणि पुतिनवरचा (बटाट्याचे फ्राइज आणि चीज, असा तिथला पदार्थ) रस्साही मांसाचाच, शाकाहारी सॉस मागावा लागतो. मेपलचा गरम पाक ताज्या बर्फावर ओतून काडीला गुंडाळून देतात, तो निर्धास्त खा. मॉन्ट्रियलमध्ये पोळी-भाजीची आठवण आली तर पार्क-एक्स्टेन्शन भागात भारतीय वाणसामान आणि खानावळी भरपूर आहेत.

घरातलं गणित मात्र उलटं. तापवलेली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. रात्री खोलीत पाण्याचं भांडं ठेवा, तहान नसली तरी पाणी प्या. कुणाच्याही घरी बूट दारातच काढतात, तेव्हा घरात घालायच्या सपाता पिशवीत असू द्या.

परतीच्या तिकिटात विमान बदलायला भरपूर वेळ ठेवा. बर्फ पडत असेल तर उड्डाणाआधी पंखांवर बर्फ वितळवणारा द्रव फवारतात आणि विमानांची त्यासाठी रांग लागते. दोन तासांचं अंतर असलेली जोडणी स्वस्त दिसली तरी घेऊ नका. चार तास ठेवा, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील असं बघा, म्हणजे पुढचं विमान चुकलं तर दुसऱ्यात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते.