आजीचं घर कळकाच्या बेटात

2024 चा मे महिना, भोर तालुक्याच्या वरच्या अंगाची एक वाडी, सकाळचे साडेनऊ आणि ऊन आत्ताच डोक्यावर. मी एका आजीच्या दारात पायरीपाशी रोव्हरचा (काठीवर बसवलेल्या अचूक जीपीएसचा) पोल धरून उभा होतो, बबल मधोमध, स्क्रीनवर फिक्स, म्हणजे जागा पक्की झाल्याची खूण आलेली, म्हणजे चूक असलीच तर दोन-तीन सेंटीमीटरची. आणि टॅबवर जो सॅटेलाईट फोटो उघडला होता त्यावर माझा ठिपका घरावर नव्हताच. घराच्या मागे, चढाच्या बाजूला जे कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट आहे, त्याच्या बरोब्बर मधे.

आजीला टॅब दाखवला तर ती म्हणाली, "आरं बाळा, मी काय कळकात राहते व्हय?"

आता हे काम काय होतं ते सांगतो. माळीण 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, मग तळिये, मग 2023 ला इर्शाळवाडी, त्यानंतर डोंगरातल्या वाड्यांची पाहणी सगळीकडेच जोरात सुरू झाली. या वाडीच्या वर डोंगरात एक भेग होती. भूगर्भवाल्यांनी ती चालत जाऊन जीपीएसने मोजली होती आणि तिच्या खाली किती अंतरापर्यंत धोका आहे याची एक रेषा ठरवून दिली होती. रेषेच्या आतली घरं पावसाळ्याआधी हलवायची. घरं आमच्या टीमने सॅटेलाईट फोटोवरून काढली होती, ऑफिसात बसून, छप्पर दिसलं की त्याभोवती पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती. मी फक्त घरांची यादी आणि नावं जुळवायला गेलो होतो, मोजायला नाही, रोव्हर आपला सवयीने बरोबर घेतलेला.

भेग जमिनीवरून मोजलेली आणि घरं फोटोतून काढलेली. दोन्ही एकाच नकाशावर बसवली की रेषा सुबक दिसते, आणि अंतर मात्र खोटं असू शकतं.

आधी मला वाटलं आपलाच बेस चुकला, म्हणजे एका जागी ठेवलेला तो दुसरा जीपीएस, ज्याच्या आधाराने रोव्हर आपली चूक काढतो. वर मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे कॉर्स नेटवर्कचं (कायमच्या जीपीएस स्टेशनांचं) करेक्शन मिळत नव्हतं, बेस खाली रस्त्यालगतच्या शाळेच्या गच्चीवर लावला होता आणि रेडिओवर चालवत होतो. मदतीचा पोरगा पाठवून बेस परत तपासून घेतला, ठीक होता. मग वाटलं डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याची भानगड, जुना एव्हरेस्ट आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस 84 यांची सरमिसळ, ती आमच्याकडे जुन्या टोपोशीटमुळे (सरकारी नकाशांमुळे) अजून होते. किंवा उंचीची, कारण आपल्याकडे जीपीएसची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यात साठ मीटरहून जास्त फरक असतो आणि ती अदलाबदल कोणीतरी करतंच. पण या दोन्हीपैकी काही असतं तर अख्खा फोटो एकसारखा सरकला असता, खालचा रस्ता, शाळा, पूल, सगळंच. आणि खालचे पॉइंट तर साधारण मीटरभरात जुळत होते, मीच दोन महिन्यांपूर्वी घेतले होते ते.

मग वाडीतच दहा ठिकाणी उभा राहिलो. देवळाचा कोपरा, विहिरीचा कठडा, पाण्याची टाकी, गोठ्याचा खांब. प्रत्येक ठिकाणी फोटोतली वस्तू खऱ्या जागेच्या पूर्वेला, 11 ते 13 मीटर. सगळीकडे पूर्वेलाच. मग शेजारच्या घळीत उतरलो, ओढ्याच्या तळाला एक मोठा खडक फोटोत स्पष्ट दिसतो त्यावर पोल ठेवला, तर तिथे फोटो पश्चिमेला सरकलेला, साधारण 4 मीटर.

वाडी डोंगराच्या सोंडेवर, तिथे पूर्वेला, आणि घळीत पश्चिमेला! तिथेच डोक्यात उजेड पडला आणि खरं सांगतो, हातपाय गार पडले.

फोटोबरोबर जी माहितीची फाईल येते ती उघडली. सॅटेलाईटने फोटो सरळ वरून काढलाच नव्हता, पश्चिमेकडून 27 अंश तिरपा काढला होता. यात गैर काही नाही, बहुतेक फोटो थोडेफार तिरपेच असतात. तो तिरपेपणा काढायला सॉफ्टवेअरला जमिनीची उंची लागते आणि ती आम्ही फुकट मिळणाऱ्या डीईएममधून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशातून) दिली होती, फेब्रुवारी 2000 मधे एंडेव्हर यानाने 11 दिवसांत रडारने मोजलेली. जगाच्या एवढ्या मोठ्या भागाची उंची 11 दिवसांत, फार मोठं काम आहे ते, मला त्याबद्दल आदरच आहे. पण त्याचा एक चौकोन 30 मीटरचा. सह्याद्रीची अरुंद सोंड त्यात कापली जाते आणि अरुंद घळ भरली जाते.

मी रोव्हरची उंची समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलून घेऊन डीईएमशी ताडून बघितली. वाडी ज्या सोंडेवर बसलीय ती डीईएममधे 24 मीटर खाली होती. आता असं बघा, कॅमेऱ्याची नजर पश्चिमेकडून तिरपी येते आणि आजीच्या छपराला लागते. पण सॉफ्टवेअरला वाटतंय इथली जमीन अजून 24 मीटर खाली आहे, म्हणून ते तीच नजर तशीच पुढे खाली नेतं आणि जिथे ती खोटी जमीन लागते तिथे घर ठेवतं. 27 अंशाला दर मीटर उंचीमागे साधारण अर्धा मीटर सरक, म्हणजे 24 मीटरला 12. घळीत उलटं, तिथे डीईएमची जमीन वर आलेली, म्हणून फोटो पश्चिमेला.

आणि इथे उतार पूर्वेला, भेग पश्चिमेला वर. म्हणजे वाडीतलं प्रत्येक घर आमच्या नकाशात भेगेपासून 12 मीटर लांब दाखवलं होतं. प्रत्येक घर.

आमच्या रिपोर्टमधे आरएमएसई, म्हणजे एक प्रकारची सरासरी चूक, 0.9 मीटर लिहिलेलं होतं, 14 चेक पॉइंट, म्हणजे फोटो पडताळायला जमिनीवर मोजलेल्या जागा. आकडा खोटा नव्हता. पण ते चौदाच्या चौदा खालच्या रस्त्याकडेचे होते, जिथे जीप जाते, जिथे रेंज येते, जिथे चहा मिळतो. मीच घेतले होते. वर यायला दीड तासाची चढण होती आणि तेव्हा संध्याकाळ झाली होती. फोटो विकणारे जी अचूकता छापतात, नव्वद टक्के पॉइंट इतक्या मीटरच्या वर्तुळात वगैरे, त्यातही बऱ्याचदा बारीक अक्षरात असतं की डोंगरउतार आणि तिरपेपणा वगळून. आमच्या कामात तर वगळण्यासारखं दुसरं काही नव्हतंच, होता तो डोंगरउतारच.

पिक्सेल 50 सेंटीमीटरचा होता, गोठ्याबाहेरची म्हैस सुद्धा दिसत होती. लोक (आणि आमच्यातलेही) फोटो जितका स्वच्छ तितका तो जागेवर असं धरून चालतात. गूगल अर्थवर स्वतः करून बघा, डोंगरातलं एखादं घर घ्या, त्यावर पिन ठोका आणि जुन्या वर्षांचे फोटो एकेक करून मागे न्या. पिन जागेवर राहते, घर इकडेतिकडे फिरतं.

खाली येऊन ज्यांच्यासाठी काम चाललं होतं त्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो बारा मीटर म्हणजे नकाशावर दिसतं तरी का? यादी उद्या वर जायचीय." मी म्हटलं, साहेब, गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, दहा मीटरची बाजू, अख्खा गुंठा ओलांडून घर पलीकडे गेलंय. गुंठा म्हटल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, दोन दिवस देतो.

ड्रोन मागवायला परवानगीपासून सुरुवात होती आणि नुसते वर दोन-तीन कंट्रोल पॉइंट (फोटो जमिनीशी जुळवायला मोजलेल्या जागा) वाढवून भागणार नव्हतं, कारण चूक अख्ख्या फोटोची नव्हती, सोंडेपुरती होती, मूळ उंचीच दुरुस्त हवी. म्हणून सरळ 31 घरांचे कोपरे रोव्हरने घेतले, मी आणि तो पोरगा, दीड दिवस. भिंतीचा कोपरा घ्यायचा, पागोळीचा नाही, फोटोत फक्त छप्पर दिसतं आणि पागोळी भिंतीच्या तीन-तीन फूट बाहेर येते. जिथे झाडामुळे फिक्स येईना तिथे मोकळ्यात दोन पॉइंट घेऊन टेपने अंतर धरलं. आजी मागे मागे फिरत होती, कोणाचं घर कुठून कुठपर्यंत ते सांगत, पाणी देत.

रात्री शाळेत लॅपटॉप लावून नवी घरं टाकली. रेषेच्या आत आधी 9 घरं होती, ती 16 झाली. सातांपैकी एक आजीचं.

दुसऱ्या दिवशी परत वर गेलो, हे फोनवर सांगायचं नव्हतं. तिने ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढंच विचारलं, शेरडं न्यायची का बरोबर. सरपंचांनी खालच्या शाळेमागची शेड मोकळी करून दिली, पहिल्या मोठ्या पावसाच्या आत सोळाही घरं खाली आली, शेरडांसकट.

निघताना आजीला विचारून तिच्या दारातल्या दगडी पायरीवर छिन्नीने छोटी फुली मारून घेतली. आमच्या यादीत तो आता चेक पॉइंट नंबर 15 आहे.