बोर्ड आधी, रॅम मग : आमची वाटचाल

२००७ मध्ये रामबागेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही संगणक जोडून देण्याचे काम सुरू केले, तेव्हा इंदूरमध्ये जोडणी करणारे पुष्कळ होते. सिल्व्हर मॉल या संगणक-बाजारातून येणारा मालही सगळ्यांचा सारखाच असे. भावात इतरांशी चढाओढ करण्याइतके भांडवल आमच्यापाशी नव्हते. म्हणून स्वस्त प्रोसेसरकडून त्याच्या ठरलेल्या वेगाहून अधिक काम काढून देणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, हा आम्ही आमच्या धंद्याचा आधार मानला.

त्या काळी इंटेलचा पेन्टियम ई२१६० हा आमचा आवडता प्रोसेसर होता. बस म्हणजे मदरबोर्डाने प्रोसेसरला दिलेला पायाभूत ठोका. २०० मेगाहर्ट्झची बस गुणिले ९ (हा मल्टिप्लायर), असा त्याचा मूळ वेग १.८ गिगाहर्ट्झ येई. मल्टिप्लायर वर नेता येत नसल्यामुळे बसच वाढवावी लागे आणि ती ३३३ वर स्थिर राहिली की तोच प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर चाले. डीडीआर२ रॅम एका ठोक्याला दोनदा माहिती हलवते, म्हणून एवढ्या बसला ६६७ ची पुरते, ८०० ची घेतली तर वेग वाढवायला थोडी जागाही उरते. तरीही गिऱ्हाईक १०६६ ची मागत. ते वरचे पैसे पी३५ चिपसेटच्या (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) बोर्डात घाला, असे आम्ही त्यांना सांगत असू, कारण बस पेलायची असते ती बोर्डाला. २०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज ही प्रोसेसरांची पिढी आल्यावर ही वाट बंद झाली. बस जेमतेम हलेना आणि मल्टिप्लायर मोकळा होता तो नावात ‘के’ असलेल्या महाग प्रोसेसरांचा. पुढची काही वर्षे आम्ही दुरुस्तीवर काढली.

२०१७ मध्ये एएमडीचे रायझन आले. त्यातला प्रत्येक प्रोसेसर ओव्हरक्लॉकसाठी मोकळा होता. मात्र ए३२० चिपसेटच्या बोर्डवर ती सोय नव्हती, त्यासाठी निदान बी३५० घ्यावे लागे. आमची चूक येथेच झाली. बी३५० असले म्हणजे झाले, असे समजून लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्या एका तरुणाला आम्ही त्यातल्या सर्वांत स्वस्त बोर्डवर रायझन ५ १६०० जोडून दिला आणि तो ३.८ गिगाहर्ट्झवर नेला. मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार होणे) अर्ध्यावर आला की यंत्र बंद पडू लागले. ‘काका, प्रोसेसर तर थंड दाखवतोय,’ तो म्हणाला, आणि ते खरेच होते. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या, मॉस्फेट नावाच्या बोर्डावरच्या चिपांवर हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा तुकडा, नव्हता. त्यांच्यामागच्या बाजूने बोर्डाला बोट लावले, तर ते क्षणभरही ठेववेना. आमची चाचणी झाली होती जानेवारीत, रात्री, कॅबिनेटचे झाकण काढून. बोर्ड आम्ही पदरच्या पैशाने बदलून दिला, पण त्याचे ऐन कामाचे दोन दिवस आम्हाला भरून देता आले नाहीत.

तेव्हापासून ओव्हरक्लॉक केलेले प्रत्येक यंत्र आम्ही दुपारी, झाकण लावून आणि एसी बंद ठेवून तपासतो. बोर्ड निवडताना आधी मॉस्फेटवर हीटसिंक आहे का ते पाहतो आणि मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, व्होल्टेज हाताने ठरवता येते का ते. नुसती कॉइल मोजून वीजपुरवठ्याचे फेज, म्हणजे भार वाटून घेणारे टप्पे, ठरवू नयेत. स्वस्त बोर्डवर कॉइल आठ दिसल्या, तरी खरे फेज चारच असू शकतात.

रॅमच्या बाबतीत आमचा आग्रह अधिक कडक आहे, कारण डीडीआर४ वापरणाऱ्या रायझनमध्ये प्रोसेसरचे भाग जोडणारा आतला दुवा रॅमच्या घड्याळाशी बांधलेला असतो आणि एकच पट्टी लावली तर रॅमकडे जाणारा दुसरा मार्ग, म्हणजे चॅनेल, रिकामा राहतो. ‘आज ८ जीबीची एक घेतो, दुसरी दिवाळीला’ हा हिशेब आम्ही सहसा मोडून काढतो. एकदा असाच हिशेब मान्य केला होता. दोन्ही पट्ट्यांवर लेबल तेच होते, पण आतल्या चिप वेगळ्या निघाल्या. जोडी ३२०० वर सुरूच होईना आणि शेवटी २९३३ वर थांबावे लागले. महिनाभर थांबा, पण एका पाकिटातली जोडी घ्या, असे आम्ही सांगतो. चार खाचांच्या बोर्डवर ती प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतो, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या लेबलवरच्या वेगाने चालवणारी सोय) चालू करतो आणि रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी लावतो. सकाळी एक जरी चूक दिसली, तरी वेग खाली आणतो. रॅमची चूक यंत्र बंद पाडेलच असे नाही. ती गुपचूप फाइल बिघडवते, आणि संपादकाच्या यंत्रात त्याहून वाईट काही नाही.

हे सारे सौ. एका वहीत टिपून ठेवते : बोर्ड, रॅमचा वेग, व्होल्टेज, खोलीचे तापमान, तास. मध्यंतरी सुदामानगरचा एक विद्यार्थी ए६२० बोर्ड, ६००० ची डीडीआर५ आणि दिव्यांचे काचेचे कॅबिनेट अशी यादी घेऊन आला होता. प्रोसेसरही त्याला वाढवायचाच होता. ए६२० वर ते होत नाही, हे समजावल्यावर त्याने कॅबिनेट साधे केले आणि बी६५० घेतला. त्या यंत्राच्या ओळीपुढे वहीत नोंद आहे : दुपारचे दोन, खोली ४१ अंश, झाकण बंद, सहा तास, चूक नाही.