उंटाने मान कशी वाकवली

नांदेडच्या घरी माडीवरच्या खोलीत मी गेली काही वर्षे मीटरगेजच्या (रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गाच्या) काळातले पूर्णा जंक्शन खेळण्यातल्या आगगाडीवर उभे करत आहे. प्रमाण 1:87, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे; या मापाला एचओ म्हणतात. या मापाच्या रुळांतील अंतर 16.5 मिलिमीटर असल्याने मीटरगेजच्या हिशेबाने ते बरेच रुंद पडते. परंतु साहित्य याच मापाचे सहज मिळते, म्हणून ती तडजोड मी मान्य केली आहे.

या छंदात मला सर्वांत प्रिय आहेत ते हालचाल करणारे डबे. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने 1947 मध्ये दुधाचा डबा काढला. बटण दाबले की विद्युतचुंबकाच्या जोरावर दार उघडते आणि आतला छोटा माणूस दुधाची किटली बाहेर फलाटावर ढकलतो. पुढे खिडक्यांमागून माशांची चित्रपट्टी फिरवणारा मत्स्यालयाचा डबाही आला. मात्र 1960 च्या सुमारास आलेला जिराफाचा डबा मला या सगळ्यांहून श्रेष्ठ वाटतो, कारण त्याला बटण लागत नाही; गाडीचे धावणे हेच त्याचे बळ असते. मालगाडीच्या टपावर उभ्या राहणाऱ्या ब्रेकमनला, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या कामगाराला, पुढच्या डोक्याला लागेल अशा ठेंगण्या पुलाची सूचना मिळावी म्हणून अमेरिकेत रुळांवर आडव्या दांड्याला दोऱ्या लोंबत सोडत असत. खेळण्यातला जिराफ त्या दोऱ्या जवळ येताच मान खाली घेतो. खरे कारण असते डब्याखाली: रुळालगतच्या पट्टीला तिथली खीळ घासते आणि मान खेचली जाते. कारण खाली, डोळा मात्र वर; सारी गंमत या दोहोंच्या अचूक जुळणीत आहे.

जिराफ आपल्याकडच्या मालगाडीत शोभला नसता. मार्गशीर्षात भरणाऱ्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे यांच्याबरोबर उंटही येतात, म्हणून मी उंटाचा डबा केला. मान सागाच्या चिपेची, खीळ सायकलच्या चाकाच्या तारेची आणि मान पुन्हा वर यावी म्हणून मागच्या टोकाला शिशाचा लहानसा तुकडा. रुळालगतची पट्टी आइस्क्रीमच्या काडीची आहे. पहिल्या पट्टीचे तोंड मी उभेच ठेवले होते, त्यामुळे खीळ तिच्यावर आदळून डबा दर वेळी रुळावरून उतरत असे. दोन्ही टोकांना सहा-सहा सेंटिमीटरचा उतार तासून दिल्यावर खीळ अलगद चढू-उतरू लागली. दोऱ्यांची जागा मात्र चार वेळा बदलावी लागली. मान दोन सेंटिमीटर उशिरा वाकली तरी उंट दोरीला घाबरला असे न वाटता त्याला झटका बसला असे वाटते.

दिवाळीत पुतणी आली होती. उंट पहिल्यांदा दोऱ्यांखालून गेला तेव्हा तिने विचारले, "काका, त्याला दोरी दिसली कशी?" मी काहीच सांगितले नाही. तिने फळीला गाल टेकवून तीन फेऱ्या पाहिल्या, चौथ्या फेरीत तिला काडी सापडली. मग तिने ती बोटाने चाचपली आणि गाडी पुन्हा सोडायला सांगून या वेळी ती दोऱ्यांकडेच पाहत बसली.

आता फलाटावर दुधाच्या किटलीचे काम काढले आहे.