नवीन झाड सापडलं असं वाटून बीएसआयला (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) गेलो त्याची गोष्ट

मुळशीत मित्राच्या मामांच्या रानात एक झाड दिसलं, पानं समोरासमोर, काहींच्या कडा दातेरी तर काहींच्या एकदम सरळ, आणि मी लगेच ग्रुपवर टाकून मोकळा की हे काहीतरी नवीनच आहे. मामा म्हणाले पारजांभूळ आहे. मी म्हटलं मामा, जांभळाचं पान मला कळतं!

मग फांदी घेऊन कोरेगाव रोडला बीएसआयमध्ये. पुणे स्टेशनवरून रिक्षा करा, जवळच आहे, पण आधी ईमेल टाकून परवानगी घ्या, शनिवार-रविवार बंद असतं. तिथे पहिला प्रश्न, "फूल कुठंय?" संपलं. नुसत्या पानावर काही ठरत नाही राव.

फुलांचा तुरा घेऊन परत गेलो. तिथल्या जुन्या शीट्सशी, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यांशी, जुळवायला बसलो आणि अर्ध्या तासात निकाल, ओलिआ डायोइका, म्हणजे पारजांभूळच, जांभळाचा नाही तर ऑलिव्हचा भाऊ! रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव देऊन दोनशे वर्षं झाली. डायोइका म्हणजे नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे एकाच झाडाची फुलं बघून आपण फसतो.

तर जाणाऱ्यांसाठी. फूल आणि फळ दोन्ही हवं, म्हणजे दोन फेऱ्या धराच. पाकळीचा रंग, वास, साल खरवडल्यावर चीक येतो का हे तिथल्या तिथे लिहा, वाळल्यावर सगळं तपकिरी होतं. नमुना पेपरात दाबून वाळवताना पेपर रोज बदला, मी दोन दिवस विसरलो तर बुरशी. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानसुद्धा तोडू नका. आणि जुन्या शीट्सना पूर्वी पाऱ्याचं विष लावायचे, हातमोजे घाला, मध्येच वडापाव खाऊ नका.

खरंच नवीन निघालं तर काम तिथून सुरू होतं. जवळच्या सगळ्या जातींपेक्षा वेगळं कशात ते मोजून दाखवायचं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, ठरवून तो कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळक्या नमुन्यांच्या संग्रहात) ठेवला ते छापायचं, त्याशिवाय नाव ग्राह्य नाही. वर्णन आधी लॅटिनमध्येच लागायचं, 2012 पासून इंग्रजीही चालतं, तेवढीच सुटका.

आता फळं बघायला परत मुळशीला जाणारे, गाडीत दोन जागा आहेत. मामांसाठी चितळेंची बाकरवडी घेतलीय, माफीनामा म्हणून.